हिप हॉपची पन्नाशी

आपल्याकडे गवयाचे वय वाढले की त्याच्याविषयीचा आदरही वाढत जातो. आवाज थोडा थकला, तानेचा वेग मंदावला, तरी जाणकार कुरकुर करीत नाहीत. उलट, आता खरे गाणे कानी पडेल, अशा आशेने ते सरसावून बसतात. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांचा जन्म १९१० सालचा. त्यांना पद्मश्री मिळाली १९७० साली, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर, आणि पद्मविभूषण मिळाले १९९२ साली, म्हणजे ऐंशी उलटून गेल्यावर. अशा परंपरेत वाढलेल्या रसिकाला ‘कलावंताने म्हातारे व्हावे की नाही?’ हा प्रश्नच चमत्कारिक वाटेल. तथापि आजच्या जगातील एका अत्यंत लोकप्रिय संगीतप्रकारापुढे हा प्रश्न खरोखरीच उभा राहिला आहे. तो प्रकार म्हणजे अमेरिकेत जन्मलेले हिप हॉप.

हिप हॉप म्हटले की पुष्कळ श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे ढगळ कपडे घातलेली, हातवारे करीत भराभर बोलणारी तरुण मुले उभी राहतात. घरातील नातू कानांत यंत्र खुपसून हेच काहीतरी ऐकत असतो आणि आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु २०२३ साली या संगीताला पन्नास वर्षे पूर्ण झाली. ज्यांनी ते विशीत गाजविले ती मुले आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांचे केस पिकले, आईबाप निवर्तले, मुले मोठी झाली, काही जिवलग साथीदार वाटेतच गळले. विशीच्या रगेवर उभी राहिलेली कला या वयात काय करते, हे समजून घेण्याजोगे आहे. आणि त्यासाठी प्रथम ही कला कशी निर्माण झाली ते थोडक्यात पाहावे लागेल.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात सेजविक अ‍ॅव्हेन्यूवर १५२० क्रमांकाची इमारत आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथे सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक नाचगाण्याचा मेळावा भरविला. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत, एवढाच तिचा हेतू. प्रवेशाचा दर मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजविण्याचे काम तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह याने पत्करले. जमैकाहून आलेला हा मुलगा ‘डीजे कूल हर्क’ या नावाने ओळखला जाऊ लागला. गाणे आणि इतर वाद्ये थांबून नुसता ड्रमचा ठेका उरतो त्या जागी नाचणाऱ्यांना सर्वांत अधिक उमेद येते, हे त्याने हेरले. या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. एकच तबकडी दोन यंत्रांवर लावून, एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवरचा सुरू करावयाचा, अशा रीतीने काही क्षणांचा ठेका तो कितीही वेळ लांबवू लागला. त्या ठेक्यावर ध्वनिक्षेपकातून आधी नुसत्या आरोळ्या, मग यमकबद्ध ओळी आणि पुढे लांबच लांब कवने म्हटली जाऊ लागली. तेच रॅप. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि गल्लीतील हा खेळ बाजारात आला.

ज्यांनी शाहिरी फड पाहिला आहे, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकले आहेत, त्यांना हे सारे अगदीच परके वाटू नये. ठेक्यावर बोलणे, प्रतिपक्षाला डिवचणे, कवनात आपले नाव गुंफणे या गोष्टी दोन्हीकडे आहेत. परंतु रॅपचा एक नियम फार कडक आहे. कवन ज्याचे त्याने रचलेले असावे आणि त्यात ज्याचे त्याचे जिणे असावे. दुसऱ्याने लिहून दिलेली ओळ म्हणणारा रॅपर तेथे हिणवला जातो. ख्यालगायकाचे तसे नसते. बंदिश शंभर-दोनशे वर्षांची असते. तिच्यातील विरहिणी सोळा वर्षांची असली तरी सत्तरीच्या गायकाने ती गावी, त्यात कोणालाही विसंगत वाटत नाही. रॅपर मात्र ‘मी’ म्हणतो तेव्हा तो स्वतःविषयीच बोलत आहे, असे ऐकणारा गृहीत धरतो. म्हणून विशीतील फुशारकी पन्नाशीच्या तोंडी आली की ती खोटी वाटते. या कलेत वय अडचणीचे ठरते, याचे मुख्य कारण हे आहे. आवाज किंवा श्वास यांचा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरे एक कारण अधिक दुःखद आहे. या पिढीतील अनेकांना म्हातारपणाचा विचार करण्याइतके आयुष्यच लाभले नाही. टुपाक शकूर १९९६ साली गोळीबारात जखमी होऊन वयाच्या २५व्या वर्षी मरण पावला. नोटोरियस बी. आय. जी. या नावाने गाजलेला त्याचा प्रतिस्पर्धी सहाच महिन्यांनी, मार्च १९९७ मध्ये, २४व्या वर्षी गोळ्यांनाच बळी पडला. दोघांच्या तसबिरी तरुणच राहिल्या आणि हिप हॉपचा आदर्श पुरुष म्हणजे पंचविशीतला पुरुष, अशी समजूत दृढ झाली. विक्रेत्यांनाही ती सोयीची होती. ब्रुकलिनचा शॉन कार्टर, ज्याला जग ‘जे-झी’ म्हणून ओळखते, त्याने २००३ साली निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो अवघा ३३ वर्षांचा होता! क्रिकेटपटूने बॅट खाली ठेवावी त्या वयात कवीने लेखणी ठेवावी, यात त्या वेळी फारसे कोणाला वावगे वाटले नाही.

वस्तुतः ही समजूत इतिहासाला धरून नव्हती. १९८२ साली ‘द मेसेज’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. तोपर्यंत रॅपमध्ये मौज आणि बढाई यांचाच भरणा असे. या कवनाने पडक्या वस्तीतील दारिद्र्य, घाण, भीती आणि वाया जाणारी मुले यांचे चित्र उभे केले आणि या कलेला नवे गांभीर्य दिले. तिच्यावर नाव होते ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरिअस फाइव्ह या तरुणांच्या संचाचे. पण तिचा बराचसा भाग ज्याने रचला तो एड फ्लेचर हा वादक तेव्हा ३१ वर्षांचा होता. आरंभी संचातील मुले ते गाणे करावयास फारशी राजी नव्हती. त्याचे मोल ओळखून ते तडीस नेले ध्वनिमुद्रण कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी, आणि त्यांनी तर पंचेचाळिशी ओलांडलेली होती. पुढे फ्लेचर संगीत सोडून शिक्षक झाला, महाविद्यालयात शिकवू लागला आणि २०२१ साली वारला. तात्पर्य, ज्या गाण्यापासून हिप हॉपला कळते वय आले असे मानतात, त्याच्या मागे प्रौढ माणसेच होती. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. हर्क ज्या तबकड्या वाजवीत असे त्या वडील पिढीच्या होत्या. जुन्या गाण्यातील तुकडा उचलून नव्यात बसविण्याची, ‘सँपलिंग’ म्हणून ओळखली जाणारी रीत हा या कलेचा कणा आहे. नातवाच्या गाण्यात आजोबांचा ठेका पहिल्यापासूनच वाजत होता.

पुत्रापासून पित्यापर्यंतचा प्रवास एकाच कलावंतात पाहावयाचा असेल तर नॅस या कवीकडे वळावे. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत तो वाढला. १९९४ साली ‘इलमॅटिक’ हा त्याचा पहिला संग्रह निघाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्यातील एका गाण्यात आयुष्याच्या क्षणभंगुरपणाची गोष्ट चालू असता शेवटी कॉर्नेट हे वाद्य वाजू लागते. ते वाजविणारे ओलू दारा हे जाझ संगीतातील नाणावलेले वादक, नॅसचे वडील. दहा वर्षांनी, २००४ साली, ‘ब्रिजिंग द गॅप’ या गाण्यात बापलेक एकत्र आले. वडील गायले, मुलाने रॅप म्हटले. पुढे २०१२ साली नॅसचा ‘लाइफ इज गुड’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या वेष्टनावर तो एकटा बसलेला असून मांडीवर घटस्फोटित पत्नीचा हिरवा विवाहवेष आहे. त्यातच ‘डॉटर्स’ नावाचे गाणे आहे. आपली मुलगी वयात येत असता बाप म्हणून आपण कोठे कमी पडलो, याचा हिशेब त्यात तो मांडतो. ज्याने तरुणपणी स्त्रियांविषयी सैलपणे लिहिले होते, त्याला आता प्रत्येक शब्द मुलीच्या कानांनी ऐकावा लागतो. त्या अवघडलेपणातच गाण्याचा जीव आहे.

नॅसची कथा तेथे थांबत नाही. हिट-बॉय या, त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान असलेल्या संगीतकाराबरोबर त्याने २०२० ते २०२३ या काळात सहा संग्रह काढले. पूर्वी अनेकदा नामांकन होऊनही ग्रॅमी पारितोषिक त्याला हुलकावणी देत आले होते. ते या जोडीच्या पहिल्याच संग्रहाला, ‘किंग्ज डिझीज’ला, २०२१ साली मिळाले. सहावा संग्रह १४ सप्टेंबर २०२३ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी निघाला. वडिलांचे वाद्य सोबत घेऊन निघालेला मुलगा आता धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता.

जे-झीची निवृत्तीही फार काळ टिकली नाही. २००६ साली तो परतला आणि तिशी हीच आजची खरी तरुणाई, अशा थाटाचे एक गाणे त्याने केले. ते लक्षात राहण्याजोगे ठरले नाही, कारण त्यात वय कबूल करण्यापेक्षा ते झाकण्याचीच खटपट अधिक होती. खरी कबुली आली ३० जून २०१७ रोजी, ‘४:४४’ या संग्रहात. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी जाग येऊन शीर्षकगीत लिहिले, म्हणून हे नाव. त्या गाण्यात त्याने पत्नीशी केलेल्या प्रतारणेची क्षमा मागितली आहे, आणि आपली मुले मोठी होऊन हे सारे वाचतील तेव्हा त्यांना काय वाटेल, ही लाज उघड केली आहे. पहिल्याच गाण्यात तो स्वतःच्या अहंकाराला, ‘जे-झी’ या नावालाच, मारावयास निघतो. दुसऱ्या एका गाण्यात आपल्या आईने आयुष्यभर जपलेले गुपित, स्त्रीवर प्रेम करण्याचे, तो आनंदाने बोलून दाखवितो आणि शेवटी ती माउली स्वतःच्या आवाजात बोलते. अखेरच्या गाण्याच्या आरंभी त्याची लहानगी मुलगी वडिलांना मृत्युपत्र म्हणजे काय ते विचारते. दहाच गाणी, सुमारे छत्तीस मिनिटे. आवाज खालच्या पट्टीतला, बोलणे संथ.

पापनिवेदनाची चाल ज्या समाजात आहे त्यांना या संग्रहाचा धर्म लगेच कळेल. निवेदन करताना माणूस दुसऱ्याची पापे सांगत नाही, स्वतःची सांगतो. आणि ‘माझ्या हातून घडले’ या तीन शब्दांना सबब जोडीत नाही. हिप हॉपमधील ‘मी’ हा शब्द आजवर छाती पुढे काढून उच्चारला जात असे. तोच ‘मी’ येथे मान खाली घालून उच्चारला गेला. नियम मोडला गेला नाही, उलट तो अधिक कसोशीने पाळला गेला. अर्थात या संग्रहात सारेच निर्दोष आहे असे नव्हे. मालमत्ता कशी करावी आणि राखावी याविषयीचा त्यातील उपदेश, ज्याच्याजवळ अपार संपत्ती आहे त्याच्याच तोंडी शोभणारा आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तो कितपत उपयोगी, अशी शंका येते. वयाबरोबर उपदेश करण्याची खोडही येते. पोक्तपणा आणि उपदेश या दोन गोष्टी मात्र भिन्न आहेत.

आता शरीराकडे वळू. रॅपमध्ये एका श्वासात पुष्कळ अक्षरे बसवावी लागतात आणि तीही ठेका न चुकविता. वयाबरोबर श्वास आखूड होतो. मग जाणता कलावंत अक्षरे कमी करतो, थांबतो आणि त्या थांबण्यालाही अर्थ देतो. परंतु शरीराचे मागणे नेहमीच एवढे सौम्य नसते. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या संचातील फाइफ डॉग याला मधुमेह होता. २००८ साली त्याच्या पत्नीने त्याला आपले मूत्रपिंड दिले. १९९८ नंतर या संचाचा नवा संग्रह निघाला नव्हता. जुने रुसवेफुगवे विसरून मित्र पुन्हा एकत्र बसले, काम सुरू झाले, आणि २२ मार्च २०१६ रोजी ४५व्या वर्षी फाइफ वारला. उरलेल्यांनी काम पुरे केले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संग्रह निघाला तो थेट अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात मृत मित्राचा आवाज आहे आणि त्या आवाजाला उत्तर देणारे जिवंत मित्रही आहेत. ह्यूस्टनचा स्कारफेस याची मूत्रपिंडे २०२० साली करोनाच्या आजारानंतर निकामी झाली. पुढल्या वर्षी त्याच्या मुलाने त्याला आपले एक मूत्रपिंड दिले. ज्यांच्या कवनांतून मरणाची भाषा सदैव येत असे, त्यांना खरे मरण भेटले ते बंदुकीच्या नळीतून नव्हे. ते दवाखान्यातील खाटेवर भेटले, आणि त्या वेळी कामी आली ती घरचीच माणसे.

मरणाविषयीची ही बदललेली जाण क्लिप्स या बंधुद्वयाच्या कामात फार स्पष्ट दिसते. व्हर्जिनियातील पुशा टी आणि मॅलिस हे दोघे भाऊ २००२ नंतर प्रसिद्धीस आले ते मादक द्रव्यांच्या व्यापाराची वर्णने अतिशय चतुर शब्दांत करण्याबद्दल. पुढे थोरल्याचे मन त्यातून उठले. तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला, भावाबरोबरचे गाणे थांबविले आणि २०१२ साली त्याने आपले नाव बदलून ‘नो मॅलिस’, म्हणजे जणू ‘निर्वैर’, असे केले. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. तिची येथे आठवण व्हावी. पण मॅलिस परत आला. जुलै २०२५ मध्ये भावांचा ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ हा संग्रह निघाला, तेव्हा थोरला ५२ वर्षांचा आणि धाकटा ४८ वर्षांचा होता. मधल्या काळात त्यांचे आईवडील काही महिन्यांच्या अंतराने वारले होते. संग्रहाच्या आरंभीच्या गाण्यात धाकटा आईविषयी आणि थोरला वडिलांविषयी बोलतो. शेवटची भेट, न ओळखलेली खूण, राहून गेलेले विचारणे असल्या घरगुती गोष्टी त्यात आहेत. १३ सप्टेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनच्या संत पीटर चौकात भरलेल्या संगीतसभेत त्यांनी हेच गाणे म्हटले. ज्यांची कवने कोणत्याही प्रार्थनामंदिराच्या आसपास फिरकू दिली गेली नसती, त्यांचा शोक त्या चौकाला परका वाटला नाही.

या साऱ्याला एक प्रामाणिक प्रतिवादही आहे, तो ऐकून घेतला पाहिजे. अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीतील आंद्रे ३००० हा या कलेतील थोर कवींपैकी एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ४८व्या वर्षी, त्याने ‘न्यू ब्लू सन’ हा संग्रह काढला आणि त्यात रॅपचा एकही शब्द घातला नाही. त्यात मुख्य वादन बासरी आणि इतर सुषिर वाद्यांचे. या वयात सांगण्याजोगे काय उरले, डोळे अधू होत आहेत हे सांगावे की वैद्यकीय तपासणीविषयी बोलावे, अशा अर्थाचे उद्गार त्याने तेव्हा काढले. लोकांनी खंत केली. पण त्यातील पहिली रचना, बारा मिनिटांहून लांब असूनही, लोकप्रिय गीतांच्या शंभरांच्या यादीत पोहोचली. त्याच्या मौनात एक सचोटी आहे. जे आतून येत नाही ते ठेक्यावर बसवावयाचे नाही, हाच तो नियम. तरीही मनात येते की, अधू होणारे डोळे हा कवितेचा विषय का नसावा? नॅसने मुलीविषयी, क्लिप्सने आईबापांविषयी जे केले, ते याच रस्त्यावरचे पुढचे पाऊल नव्हे काय? दोन्ही उत्तरे खरी असू शकतात. खोटे उत्तर एकच: पन्नाशीत पंचविशीचे सोंग घेणे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण बाजार पुरुषाला पिकलेली दाढी माफ करतो, स्त्रीला पिकलेली बट माफ करीत नाही. मिसी एलियट हिचा जन्म १९७१ सालचा. ती केवळ गायिका नव्हे; इतरांसाठीही तिने पुष्कळ गाणी रचली आणि सजविली. २००८ साली तिला ग्रेव्ह्ज हा कंठस्थ ग्रंथीचा आजार असल्याचे निदान झाले आणि ती बराच काळ मागे राहिली. २०२३ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळविणारी ती पहिली हिप हॉप कलावती ठरली, आणि जुलै २०२४ मध्ये, ५३व्या वर्षी, स्वतःच्या नावाचा पहिला मोठा दौरा तिने सुरू केला. पुरुषांना जे तिशीत मिळाले ते तिला पन्नाशीनंतर मिळाले.

मान आणि धन यांची वाटणी मात्र सारखी झाली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील सुपर बोल या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात डॉ. ड्रे, स्नूप डॉग, मेरी जे. ब्लाइज, एमिनेम यांसारख्या प्रौढ कलावंतांनी कोट्यवधी प्रेक्षकांपुढे कार्यक्रम केला. त्यांतील ड्रे तर ५६ वर्षांचा होता. परंतु ज्याच्या तबकड्यांपासून हे सारे सुरू झाले, तो कूल हर्क २०११ साली आजारी पडला तेव्हा त्याच्याजवळ आरोग्यविमा नव्हता, आणि उपचारांच्या खर्चासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. त्याने ठेका शोधला. तो विकण्याचे शास्त्र इतरांनी शोधले. हिप हॉपमध्ये निवृत्तिवेतन नाही, आणि आरंभीच्या अनेकांनी करारपत्र न वाचताच सह्या केल्या. अलीकडे यावर थोडा विचार सुरू झाला आहे. बेन आणि फेलिशिया हॉरोविट्झ या दांपत्याने ‘पेड इन फुल’, म्हणजे ‘पै-पै चुकती’, या नावाची संस्था काढून जुन्या कलावंतांना आर्थिक आधार देण्यास आरंभ केला. २०२३ साली तिने प्रथम रकीम आणि स्कारफेस यांचा गौरव केला. हर्कलाही त्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये सन्मान मिळाला. सत्कार आणि पोटगी या दोहोंची गरज असते. पण म्हातारपणी दुसरीची गरज अधिक असते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. जुनी गाणी ऐकून आपले तारुण्य आठवणे हा आनंद निराळा, आणि कलावंताची वाढ निराळी. पहिल्यात त्याला जसा होता तसाच राहावे लागते; दुसरीत त्याला बदलण्याची मुभा असते. सुपर बोलच्या मैदानावर पहिला आनंद होता. ‘४:४४’, ‘डॉटर्स’ किंवा क्लिप्सच्या शोकगीतात दुसरी गोष्ट आहे. बाजाराला पहिल्याची चटक आहे. पण दुसरी नसेल तर कोणतीही कला एका पिढीबरोबर संपते.

आपल्या देशातील रॅप अद्याप तरुण आहे. अंधेरीच्या वस्तीत वाढलेला व्हिव्हियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन १९९० साली जन्मला. त्याने नेझीबरोबर केलेले ‘मेरे गली में’ २०१५ सालचे, आणि या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ सालचा. मराठीतही मुले आपापल्या बोलीत रॅप रचीत आहेत. त्यांच्यापुढे पन्नाशीचा प्रश्न अजून यावयाचा आहे. पण एक शुभचिन्ह दिसते. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या संचाने २०१९ साली आरेच्या जंगलाविषयी ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, तेव्हा त्यात प्रकाश भोईर या आदिवासी समाजातील वडीलधाऱ्या माणसाचा आवाज त्यांनी आग्रहाने घेतला. नॅसने वडिलांच्या कॉर्नेटला जागा दिली, तशीच ही जागा. ज्या मुलांना आज वडिलांचा आवाज गाण्यात हवासा वाटतो, त्यांना उद्या स्वतःचा वयस्क आवाज लपवावा लागणार नाही.

तेव्हा घरातील नातू कानांत यंत्र घालून बसला असेल तर आजोबांनी एकदा त्यातले एक टोक मागून घ्यावे आणि नॅसचे ते १९९४ सालचे गाणे लावावयास सांगावे. शब्द सगळे कळतील असे नाही, आणि जे कळतील ते सगळेच रुचतील असेही नाही. पण शेवटी कॉर्नेट वाजू लागेल तेव्हा, हे वाजविणारा कोण, असे नातवाला विचारावे. त्याला ठाऊक नसेल, तर आजोबांनी सांगावे.